मापाऱ्याची एकोणीस मापं

कांद्याची गोष्ट मी आजवर किती वेळा सांगितली, याची मोजदाद नाही. लग्नाच्या पंगतीत सांगितली, व्याह्यांच्या ओसरीवर सांगितली, आता काळेवाडीच्या बागेत म्हाताऱ्यांच्या बाकावर बसून सांगतो. पिंपरीच्या एका कारखान्याच्या दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. एक कामगार दोन्ही काखांत कांदे धरून ताप आल्याचं सांगत आला. कांद्यानं ताप चढतो की नाही हे मला अजून ठाऊक नाही, वास मात्र येतो. मी थर्मामीटर झटकत म्हटलं, "ताप आहे खरा, पण फोडणी कुणी दिली?" कांदे सदऱ्यातून खाली पडले आणि तो कामगार त्यांच्यामागे धावला. लोक हसतात. मग मी बहिऱ्याची गोष्ट सांगतो. भट्टीच्या आवाजानं कान गेले म्हणून एकजण दोन दिवस खुणांनी बोलत होता. मी त्याच्या पाठीमागच्या शिपायाला हळूच म्हटलं, "कॅन्टीनला आज जिलेबी आहे म्हणे, संपत आली." बहिऱ्यानं टोपी उचलली.

यानंतर कुणीतरी हमखास म्हणतं, "अजून एक होऊ द्या की, राव." आणि मी चष्मा पुसायला घेतो.

तिसरी गोष्ट आहे. ती मी कुणालाच सांगितली नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. सांगायला बसलो की कांद्यावरच थांबायची सवय लागली होती. त्या गोष्टीतला माणूस खोटा नव्हता, हे मला त्याच दिवशी, त्याच खोलीत ठाऊक होतं. तरी त्याला खोटा ठरवलं गेलं आणि ते मी होऊ दिलं. आता वय नव्वदीला आलं आहे. लिहिता येतं आहे तोवर लिहून ठेवतो.

एकोणीसशे पन्नासनंतरच्या दशकातली ही हकिकत. तेव्हा पिंपरी म्हणजे एक स्टेशन, निर्वासितांची वसाहत आणि चारी बाजूंना बाजरी-हुलग्याची शेतं. त्या शेतांत एकेक करून कारखाने उभे राहत होते. आमचा कारखाना औषधांच्या काचेच्या बाटल्या करायचा. पवनेकाठच्या ज्या गावाची जमीन त्याखाली गेली, तिथल्या घरटी एका माणसाला नोकरी मिळाली होती. काल नांगर धरणारा माणूस आज खाकी चड्डी घालून भट्टीपुढे उभा राहायचा. भोंगा वाजला की आत, भोंगा वाजला की बाहेर. गावच्या म्हाताऱ्या त्या भोंग्याला 'कारखान्याची म्हैस' म्हणत.

मी स्वतः नगर जिल्ह्यातल्या कोरडवाहू गावचा. वडील दुसऱ्याची जमीन वाट्यानं करायचे. मॅट्रिक झाल्यावर पुण्याला एका पेठेत खोली घेऊन मी कंपाउंडरीचा कोर्स केला. त्या दोन वर्षांत औषधांपेक्षा बोलणंच जास्त शिकलो. 'म्या आल्तो' चं 'मी आलो होतो' झालं. 'न्हाई' गेलं, 'नाही' आलं. पिंपरीला नोकरी लागली तेव्हा कुणी गाव विचारलं की मी सांगायचो, "पुण्याचाच." वडील काय करतात विचारलं की, "शाळेत मास्तर होते." हे पहिल्यांदा कुणाशी बोललो ते आठवत नाही. पण एकदा बोललो आणि मग रोज तेच निभावत राहिलो.

आमच्या दवाखान्यात एकाआड एक बुधवारी पुण्याहून मनोविकारांचे एक डॉक्टर येत. सकाळी अकराला येत आणि दुपारी दोनच्या गाडीनं परत जात. शांत माणूस. प्रत्येक रोग्याआधी ब्लेडनं स्वतः पेन्सिलीला टोक काढत, आणि लाकडाचे तुकडे कागदात गोळा करून टोपलीत टाकत. कारखान्याला ते हवे होते ते एवढ्यासाठीच, की कामगाराच्या डोक्याला खरंच काही झालं आहे का तो कामचुकार आहे, हे त्यांनी सांगावं. आणि मी त्यांच्या फार मर्जीतला. कांदा आणि जिलेबी त्यांना माझ्याकडूनच कळली होती. ते खूप हसले आणि म्हणाले, "तुमची नजर आहे, कंपाउंडर. पुण्याच्या इस्पितळात सहा महिने शिकायला या. मी शब्द टाकतो."

त्यांनी मला बरंच शिकवलं. एकदा म्हणाले, "ज्याचं डोकं खरंच बिघडलंय तो उत्तरापासून कुठंही भरकटतो. सोंग घेणाऱ्याला मात्र खरं उत्तर माहीत असतं, म्हणून तो त्याच्या अगदी शेजारी जाऊन चुकतो. बैलाला पाय किती, तर म्हणणार पाच. सात म्हणणार नाही." हे वाक्य मी वहीत उतरवून घेतलं होतं. ती वही अजून माझ्याजवळ आहे.

तो माणूस त्या वर्षी सुगी संपता संपता आमच्याकडे आला. पस्तिशीचा असेल. उंच, खांदे थोडे पुढे झुकलेले. त्याची जमीन कारखान्याखाली गेली होती आणि तिच्या बदल्यात तो भट्टीवर होता. त्याच पाळीत त्याचा चुलतभाऊ त्याच्या शेजारी उभा असायचा. दुपारी तीनचा भोंगा चालू असतानाच भट्टीजवळचा वाफेचा नळ फुटला. चुलतभाऊ भाजला आणि तिसऱ्या दिवशी गेला. याला खरचटलंही नाही.

दिवस घालून हा कामावर परत आला. सकाळचा भोंगा वाजला तसा होता तिथं खाली बसला. उजवा हात कोपरापासून लाकडासारखा ताठ, तोंडातून शब्द नाही. कधी दहा मिनिटं, कधी अर्धा तास. मग आपोआप उठायचा, हात मोकळा व्हायचा आणि काही झालंच नाही असा कामाला लागायचा. पुढचा भोंगा झाला की पुन्हा तेच.

मुकादम म्हणायचा, "भोंगा झाला की काम सुरू होतं आणि ह्यांचा हात नेमका तेव्हाच बंद पडतो. असला सोयीचा आजार मलाबी द्या की, कंपाउंडरसाहेब."

सगळे हसत. मीही हसायचो. पण एकदा तो दवाखान्याच्या दारातच बसला, तेव्हा मी त्याची नाडी धरली होती. ती पकडीत येईना इतकी धावत होती. मी ते डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "पकडले जाण्याच्या भीतीनंही नाडी धावते." हेही खरंच होतं. अडचण अशी, की भोंगा वाजे तेव्हा डॉक्टर कधीच हजर नसत. ते दोन भोंग्यांच्या मध्ये येत आणि मध्येच जात. त्यांच्यासमोर तो माणूस नेहमी धडधाकट बसलेला असायचा.

कारखान्यानं डॉक्टरांकडे लेखी मत मागितलं. आजार खरा असेल तर त्याला भट्टीपासून दूर, बागेत पाणी घालायचं काम मिळणार होतं. सोंग असेल तर काढून टाकणार. जमीन एकदाच गेली होती, तिच्या बदल्याची नोकरीही एकदाच मिळायची होती.

त्या बुधवारी तो आणि त्याची बायको सकाळीच येऊन व्हरांड्यातल्या बाकाशी बसले. बाकावर नाही, बाकाशी, जमिनीवर. डॉक्टर यायचे होते. मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होतो. तो माझ्या हातांकडे बघत होता.

"दादा, गाव कोनचं तुमचं?"

"पुणे."

तो थोडा हसला. "पुन्याचं पानी न्हाई ह्ये. बोटं बघा की. इळा धरल्याली बोटं हायती."

"विळा?" मी म्हटलं. "मी कधी शेतसुद्धा पाहिलं नाही."

"ऱ्हायलं मग," तो म्हणाला. बोलण्यात खोच नव्हती. माझी अडचण त्याला समजली आणि त्यानं ती बाजूला सारली, असं मला तेव्हाही वाटलं होतं.

त्याची बायको मात्र उठून जवळ आली. पदर कपाळावर ओढलेला. "दादा, ह्यांच्या घरात गावच्या मापाचा मान हाय. सासऱ्यांनी केलं, त्यांच्या बापानं केलं. खोटं माप घातलं तर निर्वंश व्हतो म्हनत्यात. असल्या घरचा मानूस सोंग करंल व्हय? सायबाला तेवढं सांगा."

मी म्हटलं, "साहेब बघतील ते."

डॉक्टर आले. पेन्सिलीला टोक काढून झालं. त्यांना दोन गोष्टी बघायच्या होत्या, हात चालतो का आणि हिशेब ध्यानात राहतो का. त्यांनी शिपायाकडून जमिनीवर चादर अंथरून घेतली आणि तिच्यावर बाटल्यांच्या बुचांचा ढीग ओतायला लावला. त्याआधी मला सांगून त्यांनी तो ढीग टिनपाटानं मोजून घेतला होता. बरोबर वीस टिनपाटं. मग त्याला आत बोलावलं.

"हा ढीग या टिनपाटानं मोजून त्या खोक्यात भर. मोठ्यानं मोज. किती झाले ते शेवटी सांग."

तो दारातच थांबला. वहाणा काढल्या. ढिगाकडे बराच वेळ बघत राहिला. मग चादरीला वळसा घालून पलीकडे गेला आणि आमच्याकडे पाठ करून, उत्तरेला तोंड करून, मांडी घालून बसला. पहिलं टिनपाट भरलं, वरची शीग तळहातानं सारखी केली, कपाळाला लावलं आणि खोक्यात रिकामं करताना म्हणाला, "लाभ." मग "दोन". मग "तीन".

त्याचा हात बघत राहावा असा चालत होता. एक बूच बाहेर सांडलं नाही. डॉक्टरांनी मध्येच विचारलं, "आज वार कोणता?" उत्तर नाही. "मुलं किती तुला?" उत्तर नाही. "ऐकू येतंय ना?" त्यानं मान वळवली नाही. "अकरा," तो ढिगाला म्हणाला. "बारा."

एकोणिसावं टिनपाट खोक्यात गेलं तेव्हा चादरीवर एक टिनपाटभर बुचं शिल्लक होती. ती त्यानं दोन्ही हातांनी सारून नीट गोल ढीग केला, नमस्कार केला आणि उठला. मग आमच्याकडे वळून म्हणाला, "एकोनीस झाली, सायेब. आज बुधवार. पोरं दोन हायती, एक गेलं."

आता खळ्याविषयी सांगायला हवं. वाकडच्या विसाव्या मजल्यावर राहणाऱ्या माझ्या नातवंडांना ते ठाऊक असायचं काही कारण नाही. मळणी होऊन धान्याची रास पडली की ती मोजायचा एक रिवाज होता. मापारी पायांत काही न घालता, उत्तरेला तोंड करून बसायचा. पहिल्या मापाला 'एक' म्हणायचं नाही, 'लाभ' म्हणायचं, कारण एकटेपणाचा आकडा राशीपुढे उच्चारत नाहीत. माप चालू असताना कुणी बोलायचं नाही. बोललं तरी मापाऱ्यानं ओ द्यायची नाही. आणि रास तळापर्यंत मोजायची नाही. शेवटचं माप जमिनीवर राहू द्यायचं. रास संपली असं घरात कुणी म्हणू नये म्हणून. माझ्या वडिलांच्या खळ्यावर मी हे दर सुगीला पाहिलं होतं. लहानपणी मध्येच बोललो म्हणून पाठीत धपाटाही खाल्ला होता.

त्या माणसानं बुचांच्या ढिगापुढेही रिवाज मोडला नाही. ढीग मोजायचा म्हटल्यावर त्याला दुसरी रीत माहीतच नव्हती. की कारखान्याच्या आत समोर आलेली ती पहिलीच रास होती म्हणून तो तसा बसला, हे मला सांगता येणार नाही.

त्याला बाहेर बसवून डॉक्टर कागदाकडे बघत राहिले. "पाहिलंत? हात उत्तम चालतो. ऐकू येतं, पण सोयीनं. मोजता येतं, पण एकाला एक म्हणायचं नाही. आणि शेवटी चूक किती, तर नेमकी एका मापाची. समोर ढीग दिसतोय आणि म्हणतो झालं. शेजारी जाऊन चुकणं म्हणतात ते हेच."

मी टिनपाट उचलून टेबलावर ठेवलं.

मग त्यांनी पेन्सिल खाली ठेवली. ही गोष्ट मला लिहायलाच हवी, कारण त्यांच्यावर दोष जाऊ नये. त्यांनी माझ्याकडे सरळ बघून विचारलं, "हे 'लाभ' काय आहे, कंपाउंडर? तुम्ही रोज या लोकांत असता. यांच्यात अशी काही पद्धत असते का? असेल तर सांगा, मी लिहिलेलं खोडतो."

खोलीत आम्ही दोघंच होतो. शिपाई बुचं भरत होता, पण तो ऐकत नव्हता. सांगायला चार वाक्यं पुरली असती. ती चारही वाक्यं माझ्या ओठांवर होती. पण त्यांच्या पाठोपाठ पाचवं आलं असतं. डॉक्टर म्हणाले असते, "तुम्हाला कसं माहीत?" मागच्याच खेपेला चहा पिताना कुणाच्या तरी 'व्हय' आणि 'न्हाई' ची त्यांनी नक्कल केली होती आणि मी त्यांच्याहून चांगली करून दाखवली होती. "तुम्हाला छान जमतं हो!" असं ते म्हणाले होते. पेठेतला मास्तरांचा मुलगा, नजर असलेला, इस्पितळात शिकायला जाणारा, असा जो मी त्यांच्यासमोर उभा केला होता, तो त्या खळ्यावर अनवाणी पायांनी उभा राहिलेला त्यांनी पाहिला असता.

"नाही, साहेब," मी म्हटलं. "ऐकलं नाही कधी."

त्यांनी पेन्सिल उचलली आणि लिहिलं. खाली मला साक्षीची सही करायला सांगितली. मी केली. अक्षर चांगलं आलं होतं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगतो. आठवड्याभरात त्याला काढून टाकल्याचा कागद आला. तो कागदही दवाखान्यातूनच द्यायचा होता, कारण त्याला औषधांची एक बाटली परत करायची होती. तो बाटली धुऊन, पुसून घेऊन आला. मी कागद पुढं केला. त्याला वाचता येत नव्हतं. मी वाचून दाखवला. 'आजाराचे सोंग' हे शब्द वाचताना मी आवाज बारीक केला, जणू ते बारीक ऐकू आले तर कमी लागतील.

तो म्हणाला, "बरं."

त्याची बायको म्हणाली, "बरं काय बरं? इचारा की त्यास्नी. म्यां सांगितल्यालं सायबाला सांगितलं का न्हाई?"

मी बाटली उलटी करून बुडाशी बघत राहिलो. तो तिला म्हणाला, "चल गं. त्यांस्नी काय ठावं असनार? पुन्याचं मानूस हाय त्ये."

हे तो उपरोधानं म्हणाला की मला वाचवायला म्हणाला, यावर मी साठ-पासष्ट वर्षं विचार केला आहे. उपरोध असता तर बरं झालं असतं.

त्या पावसाळ्याच्या आधी मी पुण्याच्या इस्पितळात शिकायला गेलो. सहा महिन्यांनी सर्टिफिकेट घेऊन आलो, ते पुढं चौकटीत घालून भिंतीवर लावलं. इस्पितळात मी भोंग्याला भिणारी माणसं पाहिली. भोंग्याला नाही, कुणी घंटेला, कुणी फाटकाच्या आवाजाला. लढाईवरून आलेला एक शिपाई होता, भांडं पडलं की त्याचे पाय जात आणि बाकी दिवसभर तो बागेत धावायचा. तिथल्या कुणालाही त्यात सोंग दिसत नव्हतं. हे आजार असेच येतात-जातात, असं आम्हाला शिकवलं. मी ते वहीत उतरवून घेतलं. त्याच वहीत, 'शेजारी जाऊन चुकतो' च्या चार पानं पुढं.

परत आल्यावर सुगीत एका रविवारी मी त्याच्या गावी गेलो. सांगायचं ठरवूनच गेलो होतो. डॉक्टरांकडे जाईन, कागद बदलून घेईन, असंही ठरवलं होतं. रस्त्यात एकानं सांगितलं, तो अमक्याच्या खळ्यावर आहे, माप घालतोय. स्वतःची जमीन गेली तरी गावानं मान त्याच्याकडेच ठेवला होता. दुसऱ्यांची जनावरं चारून तो पोट भरत होता आणि सुगीत माप घालत होता.

खळं नदीच्या अंगाला होतं. दहा-बारा माणसं भोवती बसली होती, सगळी मुकी. मी वहाणा काढल्या. कुणी सांगायच्या आधी काढल्या, हे माझं मलाच नंतर लक्षात आलं. तो माझ्याकडे पाठ करून बसला होता. बाजरीची रास, हातात धान्य मोजायची अधोली. सव्वीस, सत्तावीस. हात तसाच सरसर चालत होता आणि खरं सांगतो, तो हात बघून माझ्या मनात पहिल्यांदा काय आलं तर 'चालतोय की!' क्षणभर मला सुटल्यासारखं वाटलं. डॉक्टर बरोबर होते, मी काही केलं नाही.

तेवढ्यात लांबून भोंगा आला. रविवारीही भट्टी बंद नसे. तिथपर्यंत तो इतका बारीक येत होता की मला आधी कळलंच नाही. त्याचा हात भरल्या अधोलीसकट हवेत थांबला. कोपरापासून ताठ. बाजरी कडेनं सांडू लागली.

कुणी हललं नाही. कुणी 'काय झालं' म्हटलं नाही. शेजारी बसलेल्या एका म्हाताऱ्यानं पुढं सरकून, अधोलीखाली आपला पंजा आडवा धरला, सांडणारे दाणे राशीतच पडावेत म्हणून, आणि तसाच बसून राहिला. बाकीचे नदीकडे बघत राहिले. कुणी तंबाखू मळली. त्यांना सवय होती. भोंगा झाला की थोडं थांबायचं, हा त्यांनी मापाचाच एक रिवाज करून टाकला होता. त्या गावातल्या एकाही माणसानं पेन्सिलीला टोक काढलं नव्हतं आणि त्यांना सगळं समजलं होतं.

पाव तास गेला असेल. मग त्याचा खांदा खाली आला, म्हाताऱ्यानं पंजा काढून घेतला, आणि तो म्हणाला, "अठ्ठावीस."

माप चालू असताना बोलायचं नसतं. मी थांबायला हवं होतं. रास काही फार मोठी नव्हती, तासाभरात उरकली असती. त्यानं नमस्कार करून मागं वळून पाहिलं असतं, आणि मला बोलावंच लागलं असतं. म्हणून मी निघालो. वहाणा हातात घेऊन, पावलांचा आवाज न करता, चोरासारखा नदीच्या पायवाटेनं आलो. स्वतःला सांगितलं, रिवाज मोडू नये म्हणून बोललो नाही.

त्यानंतर तो मला अनेकदा दिसला. पिंपरीच्या बाजारात, चिंचवडच्या पुलावर, एकदा तर रेल्वेच्या फाटकात अगदी समोरासमोर. तो दरवेळी विचारायचा, "बरं हाय न्हवं, दादा?" मी म्हणायचो, "ठीक आहे. तुमचं?" तो म्हणायचा, "हाय की." फाटक उघडायचं. मी हेड कंपाउंडर झालो, घर बांधलं. डॉक्टर वारले. त्यांच्याकडे जाऊन कागद बदलून घ्यायचा रस्ता बंद झाला तेव्हा, लिहायला लाज वाटते, मला थोडं हलकं वाटलं होतं.

तो कधी गेला ते मला नंतर कळलं. त्याची बायको दवाखान्यात खोकल्याचं औषध न्यायला आली होती, कपाळ मोकळं. मी बाटली भरून दिली. ती म्हणाली, "मागल्या माघात गेलं. श्येवटपत्तूर भोंग्याला बसायचं. पन तुमचं नाव कवाच वाईट घेतलं न्हाई हो त्यांनी." मी तिच्या हाताकडे बघत म्हटलं, "दिवसातून तीनदा घ्या. जेवल्यावर." तीही आता नाही. मुलं कुठं गेली, मला माहीत नाही. शोधलं तर सापडतील, हेही मी बरीच वर्षं नुसतं म्हणतच आलो.

तो कारखाना बंद पडला, भोंगाही गेला. खळं होतं तिथून आता रुंद रस्ता जातो. मुलगा मला गाडीतून तिकडून नेतो तेव्हा मी खिडकीबाहेर बघत नाही.

त्याला काय म्हणायचं होतं ते मी खूपदा मनात लिहिलं. शुद्ध भाषेत लिहिलं, अर्जासारखं लिहिलं. 'आपली क्षमा मागतो' असं लिहिलं आणि खोडलं. ती भाषा मी ज्यासाठी शिकलो, त्याच कारणानं त्याचं वाटोळं झालं होतं. तिच्यात त्याची माफी मागता येईना. माझ्या वडिलांच्या खळ्यावर मी जे बोलायचो त्यातच ते सांगायला हवं होतं. फाटकात तो समोर उभा होता तेव्हा एवढंच म्हणायचं होतं:

दादा, म्या पुन्याचा न्हाई. आमच्यातबी पयल्या मापाला लाभ म्हनत्यात. सायबानं मला इचारलं व्हतं. मला ठावं व्हतं, आन म्या न्हाई म्हनलो. माजं चुकलं, दादा.